बातांग आइवरची डबल बेल

सत्तावीस वर्षं एसटीत गाडी मारली. त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीत बसलो की माझा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधत राहतो. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवा. डोंगर किती हिरवे होते हे सांगणारे पुष्कळ भेटतील. मी आधी टायर बघतो.

पोरगी सिंगापूरला असते. जुलैत आम्ही दोघं तिच्याकडे गेलो तेव्हा तिने आमचं एक पॅकेज परस्पर बुक करून टाकलं. बोर्निओ बेटावर मलेशियाचं सारावाक राज्य आहे, तिथल्या बातांग आइ नदीने वर जाऊन इबान या आदिवासी लोकांच्या लाँगहाउसमध्ये, म्हणजे अख्खं गाव राहतं अशा एका लांब घरात, दोन रात्री राहायचं. माणशी 1,250 रिंगिट. त्या वेळच्या भावाने एकाचे साधारण पंचवीस हजार रुपये झाले. हा आकडा मला परतल्यावर कळला. आधी कळला असता तर मी गेलो नसतो आणि हे लिहिण्याची वेळ आली नसती.

कंपनी कुचिंगची, म्हणजे सारावाकच्या राजधानीची. नाव घालत नाही. एकतर तक्रारी आहेत, आणि दुसरं म्हणजे जे चांगलं झालं त्यातलं फारसं काही कंपनीने केलेलं नव्हतं.

आधी कुचिंगपर्यंतचं सांगून टाकतो. सिंगापूरहून विमानाने दीड तास. आम्हाला व्हिसा लागला नाही, डिसेंबर 2023 पासून त्यांनी भारतीयांना तीस दिवसांपर्यंत सूट दिली आहे. गंमत अशी की सारावाक मलेशियात असूनही त्यांचा इमिग्रेशनचा कारभार वेगळा. क्वालालंपूरला शिक्का घेऊन गेलात तरी कुचिंगला पासपोर्ट पुन्हा दाखवावा लागतो. शहर स्वच्छ आहे, नदीकाठी फिरायला झकास, मांजरांचे पुतळे जिकडेतिकडे. बास.

सकाळी साडेसातला व्हॅन आली. मी सवयीने एक चक्कर मारली. मागचा डावा टायर गुळगुळीत. स्टेपनी कुठे म्हणून विचारलं तर ड्रायव्हर हसला. रस्ता अडीचशे किलोमीटरच्या वर आहे, वाटेत हायवेचं काम चालू, कच्चे वळणरस्ते, मातीने भरलेले ट्रक, आणि हा पठ्ठ्या एका हाताने फोन बघतोय. तीनदा बघितला. चौथ्यांदा मी मागून खाकरलो. आमच्या डेपोत असं कुणी पकडलं गेलं असतं तर घरी बसला असता. वाहनं आपल्यासारखी डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे मला त्याची प्रत्येक चूक वेळेवर कळत होती, हा आणखी एक त्रास. व्हॅनला पाचपैकी दीड.

सेरियन नावाच्या गावात थांबलो. तिथे चौकात डुरियन या फळाचा भलामोठा पुतळा आहे. फणसाचा भाऊबंद वाटावा असं फळ, वास मात्र फणसाला लाजवणारा. मला आवडलं. हिने पदर नाकाला लावला आणि व्हॅनच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली.

पुढे लाचाऊ नावाची एक बाजारपेठ लागते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी दुकानांची रांग. इथे लाँगहाउससाठी भेटवस्तू घेण्याची पद्धत आहे. पद्धत अशी की पाहुण्याने आणलेलं सगळं गावच्या प्रमुखाकडे, म्हणजे तुआइ रुमाहकडे द्यायचं, आणि मग ते दर दाराला सारखं वाटलं जातं. लाँगहाउस म्हणजे एकाच लांबच लांब छपराखाली एकाला एक लागून खोल्या. किती मोठं हे ते दारांवर मोजतात. कंपनीने भेटीचे पैसे पॅकेजमध्येच धरले होते. गाइडने बिस्किटांचे दहा पुडे घेतले. मी विचारलं, दारं किती? म्हणाला, सत्तावीस. मी म्हटलं, अरे बाबा, मग दहा पुड्यांचं काय करायचं? तो म्हणाला, "अंकल, ते करतात मॅनेज." मी माझ्या पैशांनी आणखी सतरा घेतले. हिच्या पिशवीत घरी केलेली दाण्याची चिक्की होती, खास पोरीसाठी आणलेली. तीही बाहेर निघाली.

दुपारी बारा-साडेबारापर्यंत धक्क्यावर. इथून पुढे रस्ता नाही.

समोर धरणाचं पाणी. बातांग आइचं धरण 1985 साली पूर्ण झालं, 108 मेगावॉटचा वीजप्रकल्प आहे. गाइडने माहिती सांगितली ती अशी, "हे सुंदर सरोवर, इथे फोटो चांगले येतात." खरंच सुंदर होतं. पण पाणी थोडं उतरलेलं होतं आणि काठाने लाल मातीचा उघडा पट्टा दिसत होता. मधूनच वाळलेल्या झाडांचे शेंडे पाण्यातून वर आलेले. मी हिच्याकडे बघितलं, हिने माझ्याकडे. आमच्या आईचं माहेर कोयना धरणात गेलं. लहानपणी बामणोलीहून लाँचने जाताना आई एका ठिकाणी पाण्याकडे बोट दाखवून सांगायची, "इथं आमचं जोतं." पुढे नोकरीत सातारा-बामणोली गाडी मी अकरा वर्षं मारली. मे महिन्यात शिवसागर उतरला की असाच लाल पट्टा पडतो. तो पट्टा मला ओळखू येतो.

मी गाइडला सरळ विचारलं, खाली काय आहे? तो जरा थबकला, मग बोलला. सुमारे तीन हजार माणसं उठवली होती. लाँगहाउसच्या लाँगहाउस गेली. त्यांना धरणाखालच्या बाजूला नवी घरं आणि कोको-रबराच्या जमिनी दिल्या. जे आणखी वर राहत होते ते राहिले, पण त्यांची नदी खाली तळ्यात संपायला लागली. म्हणजे त्याला हे सगळं माहीत होतं, कार्यक्रमपत्रिकेत ते बसत नव्हतं इतकंच. माझ्यासारख्या प्रवाशाला सरोवराच्या फोटोपेक्षा हे ऐकायला जास्त आवडतं, हे कंपनीने लिहून ठेवावं.

एक गमतीची गोष्ट. इबान भाषेत आइ म्हणजे पाणी. नाव ऐकल्यापासून हिने मात्र ती आईच धरली होती. पाण्याला हात लावून तो कपाळाला लावूनच नावेत बसली.

आता नावेबद्दल, कारण खरा अभिप्राय तोच आहे.

नाव लाकडी, लांबलचक आणि इतकी अरुंद की एकामागे एक बसायचं. बैठक म्हणजे तळाशी एक फळी, पाय समोर पसरून. गुडघ्याचा त्रास असेल तर आधीच सांगतो, दीड-दोन तास असं बसावं लागतं आणि मध्ये हलायची सोय नाही. उशी मागितली तर देतात, पण मागावी लागते. लाइफ जॅकेट मिळालं, माझ्या जॅकेटचं बक्कल तुटलेलं. मागच्या नावाड्याने न बोलता खिशातून दोरी काढली आणि गाठ मारून दिली. गाठ बघितली. सुटणारी नव्हती आणि हवी तेव्हा एका झटक्यात सुटेल अशी होती. तिथेच माझा उजवा पाय जरा सैल झाला.

नावेवर दोघं असतात. मागे इंजिनवाला, पंधरा हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड. पुढे टोकावर दुसरा, हातात लांब बांबू. पहिला चाळिशीचा, दुसरा त्याचा काका, साठीच्या पुढचा. तळ्यावर वारा होता, लाटा होत्या, नाव भरलेली होती. मागच्याने लाट कधी आडवी घेतली नाही. प्रत्येक वेळी किंचित तिरकी. तळं संपलं, देलोक या उपनदीचं तोंड लागलं आणि पाणी एकदम बदललं. स्वच्छ, तळाचे गोटे दिसणारं, खळाळतं. दोन्ही काठांची झाडं पाण्यावर वाकून वर एकमेकांना भेटलेली. काठाला ओळीने वाकलेल्या त्या झाडांना एन्सुराइ म्हणतात असं काकांनी सांगितलं.

जुलैत पाऊस त्या मानाने कमी, म्हणून नदीला पाणी कमी. इथून या दोघांचं काम सुरू झालं. पुढचा काका पाण्याकडे बघून हाताची दोन बोटं डावीकडे करायचा, मागचा नाव डावीकडे घ्यायचा. मूठ बंद केली की इंजिन वर उचललं, नाव गोट्यांवरून घसरत गेली, काकाने बांबू रोवून तोल धरला, मूठ उघडली की इंजिन पुन्हा पाण्यात. तोंडातून शब्द नाही. मी हिला म्हटलं, हा कंडक्टर आहे बघ. एक घंटी थांब, दोन घंटी चल. घाटात मागे गाडी घेताना कंडक्टर गाडीवर थाप मारायचा, त्या थापेवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा असतो. इथे तेच चालू होतं, फक्त पाण्यावर.

तीन ठिकाणी उतरून ढकलावं लागलं. जाहिरातीत याला 'साहस' म्हटलं आहे. साठीतल्या माणसाला गुळगुळीत गोट्यांवर घोटाभर पाण्यात उभं करायचं तर तसं आधी सांगायला हवं आणि पायात काय घालायचं तेही सांगायला हवं. आम्ही चपला घालून गेलो. मागे पट्टा असलेले सँडल घाला, रबरी बूट असेल तर उत्तम. आमची एक चपल बातांग आइला अर्पण झाली.

एका खडकाला पंखा लागला. कडाक् आवाज झाला आणि इंजिन नुसतंच ओरडायला लागलं. मी घड्याळ बघितलं. काकाने बांबूने नाव काठाला रोवली. मागच्याने फळीखालून जादा पंखा काढला, पक्कड घेतली, कॉटर पिन सरळ केली, नट सोडला, पंखा बदलला, जुनीच पिन वाकवून बसवली. सात मिनिटं. हत्यारं एका डब्यात, प्रत्येकाची जागा ठरलेली. हा माणूस कुठल्याही डेपोत माझ्या गाडीखाली झोपला असता तर मी निर्धास्त चहाला गेलो असतो. नावेला पाचपैकी पाच. आणखी दोन देता आले तर तेही.

लाँगहाउस नदीच्या वर, खांबांवर. खाली कोंबड्या, होड्या, जळण. वर चढलं की आधी उघडा माच, त्याला तांजू म्हणतात, तिथे मिरी वाळत घातलेली. सारावाकची मिरी नावाजलेली आहे हे माहीत होतं, पण अशी अंगणात पसरलेली बघून कोकणातल्या पाहुण्यांच्या खळ्यात आल्यासारखं वाटलं. मग छपराखालचा लांब सोपा, तो रुआइ. तो सगळ्यांचा, सामाईक. त्याच्या मागे ओळीने दारं. दारामागची खोली, ती बिलिक, एका कुटुंबाची. सोप्यावर कुणी जाळं विणतंय, कुणी चटई, पोरं पळतायत, झुंजीचे कोंबडे पायाला दोरी बांधून ओळीने बसवलेले. जाळ्याला ते जाला म्हणतात. मी दोनदा विचारून खात्री केली. जालाच.

भेटवस्तू तुआइ रुमाहच्या बायकोने पुढ्यात घेतल्या. सत्तावीस पुडे, सत्तावीस दारं, पटकन झालं. मग चिक्की. ती बाई प्रत्येक तुकडा मोजत होती. शेवटी काही उरले, ते तिने सुरीने आणखी छोटे केले आणि पुन्हा सत्तावीस ढीग केले. दुपारच्या शिफ्टला कॅशियरसमोर चिल्लर मोजतात तसं. दहा पुडे असते तर तिने बिस्किटंही अशीच मोजली असती, आणि तिला ती सवय असावी असं तिच्या हातांवरून वाटलं. ही लाज कंपनीची.

जेवणाचं सांगतो, कारण आपल्याकडचे लोक आधी तेच विचारतात. आमच्या मंडळी माळकरी. पोरीने बुकिंगच्या वेळी शाकाहारी असं लिहिलं होतं, कंपनीने 'नो प्रॉब्लेम' कळवलं होतं. लाँगहाउसला कुणीही काहीही कळवलेलं नव्हतं. पहिलं ताट आलं ते पानसुहचं, म्हणजे बांबूच्या नळीत कोंबडी, गवती चहा, आलं आणि टॅपिओकाचा पाला कोंबून विस्तवावर शिजवलेलं. मी जेवलो, उत्तम होतं. ही हात जोडून बसली.

इबान लोकांत पुढे केलेलं अन्न नुसतं नाकारणं अशुभ मानतात. त्याला पुनी म्हणतात. नाकारून गेलेल्याला वाटेत अपघात होतो, साप चावतो, असं. त्यावर उपायही त्यांच्याकडेच आहे. ताटाला किंवा अन्नाला बोट लावायचं आणि ते बोट स्वतःला लावायचं, झालं, मान राखला गेला. गाइडने हे घाईघाईत सांगितलं. हिने कोंबडीच्या बांबूला बाहेरून बोट लावलं, डोळे मिटले, पुटपुटली. पांडुरंगाने समजून घेतलं असावं.

मग तिथल्या बायकांनी हिला हाताला धरून चुलीपाशी नेलं. ताजा बांबू तोडला. ही गोष्ट हिला फार पटली, दर वेळी नवा बांबू, म्हणजे भांड्याला आधीचं काही लागलेलं असण्याचा प्रश्नच नाही. त्यात भोपळा आणि नेचाचे कोवळे कोंब. एक ध्यानात ठेवा, तिकडे भाजीतसुद्धा बेलाचान नावाची कोलंबीची वाटलेली चटणी घालतात. शाकाहारी म्हटलं तरी ती घालतात, म्हणून बेलाचान नको असं वेगळं सांगा. चुलीशेजारी गोल, पिवळसर वांगी पडलेली होती, आंबट असतात. हिने एक उचललं, खुणेने विचारलं, निखाऱ्यावर ठेवलं, सोललं, लसूण-मिरची-मीठ घालून मळलं. भरीत. चिंच न घालता चिंचेची चव. चार बायकांनी बोटाने चाखलं आणि एकदम म्हणाल्या, "न्यामाइ!" म्हणजे छान. पुढच्या दोन दिवसांत हिचं आणि त्यांचं जे काही बोलणं झालं, ते कुठल्या भाषेत झालं हे मला आजही सांगता येणार नाही.

रात्री कार्यक्रम. आमच्याबरोबर दुसऱ्या नावेने आलेले आठ परदेशी पाहुणे होते. घंटा-गाँग वाजले, पिसांचा टोप घातलेला एक जण ङाजात नाच नाचला, तुआक म्हणजे तांदळाची दारू फिरली, फुंकनळीने फुग्यावर बाण मारायची स्पर्धा, मग हस्तकला मांडून बसलेल्या बायका. सगळं पाऊण तासात, गाइड घड्याळ बघत. नाचणारा माणूस चांगला नाचला. पण टोप उतरवल्यावर कळलं, तो आपला इंजिनवाला. दिवसभर नदी मारून आलेला, पाठीला फळी झालेली, आणि वर नाच. डबल ड्युटी. याचे वेगळे पैसे मिळतात का म्हणून मी विचारलं. गाइड म्हणाला पॅकेजमध्ये आहे. पॅकेज कुणाचं, हे मी विचारलं नाही.

'लाँगहाउसमध्ये मुक्काम' असं लिहिलेलं, प्रत्यक्षात पहिली रात्र पाहुण्यांसाठी बांधलेल्या वेगळ्या झोपडीत. स्वच्छ, मच्छरदाणी, पाण्याचं संडास, तक्रार नाही. पण मग तसं लिहा.

दुसऱ्या दिवशी ते आठ जण गेले आणि ट्रिपचा रंग पालटला. सकाळी नदीने वर, एका धबधब्यापर्यंत, गोट्यांवर बसून बांबूतलं जेवण. डोहात मासे दिसले, खवले मोठे, अंगाने लांब. ते आपल्या महाशीरच्या कुळातले. इथे काही डोहांत मासेमारी बंद ठेवायची असं गावकरी आपसात ठरवतात, त्याला तागांग म्हणतात. आमच्याकडे महाडजवळच्या वाळणकोंडीला देवाचे मासे म्हणून कुणी हात लावत नाही, तेच. फरक इतकाच की यांच्या माशाला, विशेषतः एम्पुराऊ जातीला, शहरात सोन्याचा भाव आहे, तरी डोह राखलाय.

जंगलात जळवा. एसटीच्या खाकी पँटला मी जन्मात एवढा आदर दिला नव्हता तेवढा त्या दिवशी दिला. लांब मोजे पँटवर चढवा.

वाटेत एक पक्षी ओरडला आणि काका थांबले. ऐकलं. मग निघाले. गाइड म्हणाला, बुरुंग. त्यांच्या भाषेत बुरुंग म्हणजे पक्षीही आणि शकुनही. सात पक्षी आहेत, देवाचे जावई, त्यांच्या आवाजावरून निघायचं की नाही ठरायचं. काका आता ख्रिस्ती आहेत, तरी थांबतात. मला हसू आलं नाही. आमचा एक कंडक्टर होता, डेपोबाहेर भारद्वाज दिसला तर टोपी काढून नमस्कार करायचा आणि मग डबल बेल द्यायचा. आपला शकुन शब्दही मुळात पक्ष्याचाच, हे मला एका कीर्तनकाराने सांगितलेलं.

दुसऱ्या रात्री कार्यक्रम नव्हता. पैसे भरलेल्या दोनच पाहुण्यांसाठी कोण नाचणार? मी म्हटलं, झोपडीत नको, सोप्यावर गाद्या टाका. टाकल्या. दहाला जनरेटर बंद झाला. जी माणसं काल माल मांडून बसली होती ती आज नुसतीच बसली होती. एक म्हातारी कमरेला पट्टा अडकवून मागावर पुआ कुंबू विणत होती. ते त्यांचं कापड, विणायच्या आधीच सूत बांधून-रंगवून नक्षी उतरवायची. नक्षी कुठेही काढलेली नाही, डोक्यात. पूर्वी सुताला रंग धरवायचा विधी करणाऱ्या बाईचा मान शिरकाण करून आलेल्या लढवय्याइतका असायचा, त्याला ते बायकांची लढाईच म्हणतात. हिने छोटा तुकडा घेतला. घासाघीस केली नाही, ही हिच्या आयुष्यातली पहिली खरेदी.

काकांनी शर्टाची गुंडी सोडून खांद्यावरचं गोंदण दाखवलं. वांग्याचं फूल, दोन्ही खांद्यांवर. तरुणपणी घर सोडून परमुलखात कमवायला जायचं, त्याला बजालाइ म्हणतात, त्या वेळी हे गोंदवतात. जिथे खांद्यावर पिशवीचा पट्टा येतो तिथे. मी त्यांना माझ्या उजव्या हाताचा कोपर दाखवला. खिडकीत ठेवून ठेवून एक हात दुसऱ्यापेक्षा काळा आहे तो. गाइडने भाषांतर केलं आणि सोपाभर हशा झाला. मग मी मुक्कामी गाडीचं सांगितलं. शेवटच्या गावात रात्री गाडी लावायची, देवळात नाहीतर कुणाच्या ओसरीवर पथारी, कुणीतरी भाकरी-पिठलं आणून देतं, पहाटे पाचला पहिली फेरी. ते सगळं त्यांना एका वाक्यात कळलं. त्यानंतर कुणी मला अंकल म्हटलं नाही. आकी म्हणायला लागले, म्हणजे आजोबा.

पहाटे चारला कोंबडे सुरू झाले. सोप्यावरचे सगळे. कानाशी. हा दोष मी कंपनीला देत नाही.

रात्रीतून पाऊस पडून गेला होता. नदी हातभर चढली होती, गढूळ. येताना जिथे उतरून ढकललं ते खडक आता दिसतच नव्हते. मला वाटलं आता मजा, सुसाट. पण इंजिनवाला येतानापेक्षा सावध होता. इंजिन हळू, डोळे लांबवर. बरोबर आहे. घाट चढताना गाडी फार तर बंद पडते, उतरताना ती आपल्याला घेऊन जाते. काका पुढे उभेच, बसले नाहीत. बोटं डावीकडे, बोटं उजवीकडे.

तळ्यावर आल्यावर त्याने इंजिन मंद केलं आणि मला मागे बोलावलं. हँडल हातात दिलं. गाइड म्हणाला, अलाउड नाही. काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पाण्याकडे बघायला लागला. आउटबोर्डचं हँडल डावीकडे ढकललं की नाव उजवीकडे जाते. सत्तावीस वर्षांची सवय उलटी. नाव आधी नागमोडी, मग एका वाळलेल्या झाडाच्या शेंड्याकडे सरळ निघाली. हिने विठ्ठल विठ्ठल सुरू केलं. इंजिनवाल्याने माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली, ढकललं नाही, नुसती ठेवली, आणि नाव वळली. पाच मिनिटं मी चालवली असेन.

आता ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. पाहुण्यांची गर्दी नसलेली तारीख विचारा आणि दोन रात्री घ्याच, एका रात्रीत फक्त तो पाऊण तास मिळतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाऊस जोराचा असतो. रोख पैसे कुचिंगहूनच न्या, आत काही मिळत नाही. भेटवस्तू स्वतः घ्या आणि घेण्याआधी दारं किती ते विचारा. नावाड्यांचे पैसे वेगळे, त्यांच्या हातात द्या. शाकाहार असेल तर कंपनीला सांगून थांबू नका, गाइडला धक्क्यावर सांगा आणि आत गेल्यावर चुलीपाशी स्वतः जाऊन सांगा. बातांग आइला जाणाऱ्या कंपन्या कुचिंगमध्ये बऱ्याच आहेत, पण नावा आणि माणसं गावचीच असतात. म्हणून पैसे भरण्याआधी नाव कोण चालवणार एवढं विचारा.

तारे: व्हॅन दीड, गाइड अडीच (पोरगा वाईट नाही, त्याला घाई लावलेली आहे), झोपडी तीन, चूल पाच, नाव पाच. कंपनीने याची सरासरी काढू नये.

धक्क्यावर उतरलो. परतीच्या फेरीचे नवे प्रवासी तयारच होते, नाव लगेच वर निघणार होती. काका पुढे जाऊन उभे राहिले. मी नावेच्या कडेवर बोटाने दोनदा टकटक केलं. काकांनी मागे वळून बघितलं, मूठ उघडली आणि इंजिनवाल्याने दोर ओढला.